बटणाचं पान

त्याच नंबरचा नवा आयसी, म्हणजे चिप, आणला, जुना काढून त्या जागी बसवला, सप्लाय दिला, आणि बोर्ड गप्पच. बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या एका शेतकऱ्याच्या ऑटो स्टार्टरचा तो बोर्ड. वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि त्या रात्रीपासून विहिरीवरची मोटर आपोआप लागायची बंद झाली. मी रेग्युलेटर बदलला, फुगलेला कपॅसिटर बदलला, रिले, म्हणजे विजेनं चालणारा स्विच, बाहेर काढून तपासला. तो व्यवस्थित टकटक वाजत होता. उरला होता आठ पायांचा आयसी. त्याच्यावरचा नंबर भिंगातून वाचून मी तसाच्या तसा दुसरा मागवला होता. ज्या दुकानातून घेतला तिथल्या पोराला जाऊन विचारलं, तर तो म्हणाला, "मामा, हा कोरा हाय की. ह्यात प्रोग्रॅम भरावा लागतंय. कंपनीवाले आपला भरून देतात, आणि दुसऱ्या कुणाला वाचता येऊ नये म्हणून कुलूपबी घालतात."

शेतकऱ्याला नवा बोर्ड घ्यावा लागला. जुना माझ्याकडंच राहिला.

बावीस वर्षं मी मोटरी भरतो. मोटरीत लपलेलं काही नसतं. जळालेलं वायंडिंग कापताना वेढे मोजायचे, तारेचा गेज मायक्रोमीटरवर घ्यायचा, कनेक्शन कागदावर काढून ठेवायचं. होतं तसं परत भरलं की मोटर चालते. ह्या आयसीत वस्तू तीच, नंबर तोच, पाय तेवढेच, आणि तरी आतलं काम डोळ्यांना दिसत नाही. मला ते बघायचं होतं. नुसतं बघायचं नव्हतं, स्वतः भरायचं होतं. म्हणून असल्या प्रोग्रॅम भरायच्या चिपवरचं, म्हणजे मायक्रोकंट्रोलरवरचं, पुस्तक शोधायला लागलो, आणि हवं ते पुस्तक हातात पडायला आठ महिने गेले.

माझी दहावी खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत झाली. तिथं मी रोध, विभवांतर, विद्युतधारा शिकलो. आयटीआयला बेळगावात आलो तेव्हा पुस्तक इंग्रजी, शिकवणारे सर कन्नड, आणि वर्कशॉपमध्ये ज्याला जे जमेल त्या भाषेत बोलणं. रोधाचा रेझिस्टन्स झाला, विभवांतराचं व्होल्टेज झालं. आमच्या भागात हे बहुतेकांचं असंच आहे. इंग्रजी मी वाचतो, पण हळू. एका पानाला दहा मिनिटं लागतात, आणि वाक्य फार लांबलं की शेवटाला येईपर्यंत सुरुवात निसटते. पुस्तक निवडताना ही गोष्ट सोडून चालणार नव्हतं. ज्याला इंग्रजी पाण्यासारखं वाचता येतं त्याला वाईट पुस्तक आठ दिवसांत कळतं आणि तो ते बाजूला ठेवतो. मला ते कळायला दोन महिने लागतात.

पहिलं पुस्तक पुतण्यानं दिलं. तो इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करत होता. "काका, आमाला हेच हाय. तुमी वाचा, मला सध्या नको," म्हणाला. ८०५१ वरचं जाडजूड पाठ्यपुस्तक. ८०५१ ही इंटेलनं १९८० साली काढलेली चिप: चाळीस पाय, प्रोग्रॅमला चार किलोबाइट जागा आणि कामाची मेमरी फक्त १२८ बाइट. एवढ्या जुन्या चिपवर पोरांना का शिकवतात, असं पुतण्या कुरकुरायचा. मला त्यात वावगं वाटलं नाही. जुन्या मोटरीवर शिकलेला माणूस नवी मोटर भरतोच.

रात्री दुकान बंद केल्यावर मी ते वाचायला बसायचो. सुरुवातीची साठ पानं नुसत्या आकड्यांची होती: दोनची पद्धत, सोळाची पद्धत, उणे संख्या शून्य-एकमध्ये कशी लिहायची ते. मला ते अवघड गेलं नाही. कॉन्टॅक्ट लागलेला किंवा सुटलेला, असे आठ कॉन्टॅक्ट एका ओळीत मांडले की शून्यापासून २५५ पर्यंतचे आकडे होतात, हे कंट्रोल पॅनल जोडणाऱ्या माणसाला लगेच पटतं. त्या पुस्तकातलं एक पान तर मी चार वेळा वाचलं. चिपला घड्याळाचे टोले देणारा ११.०५९२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावतात, सरळ बाराचा का नाही, हा प्रश्न त्यात सोडवला होता. ही चिप घड्याळाच्या बारा टोल्यांत एक पायरी चालते. ११.०५९२ ला बारानं भागलं की सेकंदाला ९,२१,६०० पायऱ्या होतात. त्याला बत्तीसनं भागलं की २८,८००, आणि तीननं भागलं की बरोबर ९,६००. कॉम्प्युटरशी बोलायचा हा ठरलेला वेग. बाराचा क्रिस्टल लावला तर हाच हिशोब १०,४१६ वर जातो आणि पलीकडं भलतीच अक्षरं उमटतात. म्हणजे तो विचित्र दिसणारा आकडा भागाकार नीट सुटावा म्हणून ठरवलेला आहे. असं कारण सांगणारं पान वाचलं की वेढ्यांचा हिशोब जुळल्यासारखं समाधान होतं.

तरी ते पुस्तक मला सोडावं लागलं. तीन आठवड्यांत दीडशे पानं झाली आणि हातात काहीच चाललं नाही. त्यातला प्रोग्रॅम चिपमध्ये भरायला वेगळं यंत्र लागतं, ते कॉलेजच्या लॅबमध्ये असतं, आणि वाचणारा त्या लॅबमध्ये बसलाय असं पुस्तकानं धरलेलं होतं. दिवा लावायचा प्रयोग होता, पण दिवा कुठल्या दुकानातून आणायचा आणि तार कुठं जोडायची ते नव्हतं. परीक्षा देणाऱ्याचं ते पुस्तक. वाईट नाही, दुसऱ्याचं.

मग मराठीत शोधलं. मनातून मला मराठीच पुस्तक हवं होतं, हे मी लपवत नाही. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं; तिथं जाऊन विज्ञानाची कपाटं बघितली. विजेवर होतं, रेडिओ दुरुस्तीवर होतं, कॉम्प्युटर कसा वापरावा ह्यावर होतं. मला हवं ते मिळालं नाही. हिवाळ्यात आमच्याकडं गावोगाव साहित्य संमेलनं भरतात: कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा. सकाळी ग्रंथदिंडी निघते, मांडवाशेजारी पुस्तकांचे स्टॉल लागतात. मी दरवर्षी जातो आणि एकदोन पुस्तकं घेतल्याशिवाय परत येत नाही. त्या वर्षी प्रत्येक स्टॉलवर एकच प्रश्न विचारला. एका विक्रेत्यानं फार आस्थेनं ऐकून घेतलं आणि मोबाईल दुरुस्तीचं पुस्तक काढून दिलं. त्याच्याकडं तेच सगळ्यात जवळचं होतं.

पुढं एक पातळ मराठी पुस्तक कुरिअरनं मागवून मिळालं. मी ते अधीर होऊन उघडलं आणि तिसऱ्या पानावर अडलो. मायक्रोकंट्रोलरला सूक्ष्मनियंत्रक, इनपुटला आदान, आउटपुटला प्रदान, इंटरप्टला व्यत्यय. शब्द चांगले आहेत, त्यांच्यामागं कुणाची तरी मेहनत आहे. पण बोर्डावर छापलेलं इंग्रजीत, कॉम्प्युटरवर चूक दाखवली जाते ती इंग्रजीत, दुकानात पार्ट मागायचा तो इंग्रजी नावानं. एका बाजूला पुस्तक, दुसऱ्या बाजूला बोर्ड, आणि मध्ये मी दुभाष्यासारखा. मराठीत असं पुस्तक हवं की जे बोर्डावरचा शब्द बोर्डावर आहे तसाच ठेवील आणि त्याचा अर्थ आपल्या बोलण्यात उलगडून सांगेल. पुतण्याला एखादी गोष्ट सांगताना मी तसंच सांगतो: "ही पिन इनपुट केली म्हणजे आता ती बोलणार नाही, ऐकणार." ह्यात अवघड काय आहे?

तिसरं पुस्तक त्याच दुकानातल्या पोरानं सुचवलं. अर्डुइनो उनो, म्हणजे मायक्रोकंट्रोलर बसवलेला शिकायचा तयार बोर्ड, आणि सोबत प्रोजेक्टचं इंग्रजी पुस्तक. आधी तो ईएसपी३२ नावाचा दुसरा बोर्ड घ्या म्हणत होता, त्यात वायफाय आहे, स्वस्त आहे, सगळे तेच घेतात. पण त्याच्या पिना ३.३ व्होल्टच्या, आणि माझ्या टेबलावर सगळीकडं पाच, बारा आणि चोवीस व्होल्ट. शिकताना तार चुकीच्या ठिकाणी लागणार हे मला माहीत होतं. म्हणून पाच व्होल्टवर चालणारं उनो घेतलं.

अर्डुइनो २००५ च्या सुमाराला इटलीतल्या इव्रिया गावात सुरू झालं, इंजिनिअर नसलेल्या डिझाइनच्या विद्यार्थ्यांसाठी. ते बोर्ड हातात घेतल्यावर जाणवतं. वेगळं भरायचं यंत्र लागत नाही, यूएसबीची वायर लावली की झालं. एका तासात बोर्डावरचा दिवा लुकलुकायला लागला. मी आकडा बदलला, तो हळू लुकलुकला. परत बदलला, भराभर लुकलुकला. रात्रीचे साडेदहा वाजले होते, बायको दोनदा जेवायला हाक मारून गेली होती. कोऱ्या चिपमध्ये मी सांगितलेलं काहीतरी गेलं होतं. इतक्या वर्षांत शेकडो मोटरी फिरवल्या, पण तसा आनंद पहिली मोटर फिरवली तेव्हाच झाला होता.

पण त्या पुस्तकावर माझा विश्वास फार टिकला नाही. रिलेच्या पानावर चित्रात रिलेची कॉइल सरळ पिनला जोडलेली होती. उनोवरच्या चिपच्या एका पिनमधून वीस मिलीअँपिअरपर्यंत घ्यावेत, चाळीसच्या वर कधीच जाऊ नये. पाच व्होल्टच्या साध्या रिलेची कॉइल सत्तर ओहमच्या आसपास असते, म्हणजे सत्तरेक मिलीअँपिअर ओढते. तो करंट झेलायला मध्ये ट्रान्झिस्टर लागतो. कॉइल बंद होताना उलटा झटका मारते, तो जिरवायला तिच्यावर डायोड लागतो. त्या चित्रात दोन्ही नव्हतं. हे मला पुस्तकानं शिकवलेलं नव्हतं, धंद्यानं शिकवलं होतं. मग मनात आलं, ज्या गोष्टी मला माहीत नाहीत तिथं ह्या पुस्तकानं काय काय गाळलं असेल?

त्याचं उत्तर बटणानं दिलं. पुस्तकातल्याप्रमाणं पिनला बटण जोडलं, दाबलं की दिवा लागावा असा प्रोग्रॅम भरला. बटण दाबायच्या आधीच दिवा लागला. विझला. परत लागला. शेजारच्या टेबलावर टेस्टिंगला मोटर चालू होती. ती बंद केली तर थोडं कमी झालं. मी हात जवळ नेला तर परत लुकलुक सुरू, बटणाला न शिवता. तारा तपासल्या, बटण बदललं, बोर्डच खराब आलाय असं वाटून दुकानात भांडायच्या तयारीनं पिशवीत भरला.

वाटेत टिळकवाडीत एक निवृत्त सर राहतात. त्यांची बोअरची मोटर मी दोनदा भरलीय. पॉलिटेक्निकला शिकवायचे, घरात कन्नड, माझ्याशी मराठीत बोलतात. त्यांना दाखवलं. त्यांनी बोर्ड हातात घेतला, तारा बघितल्या आणि म्हणाले, "पाय मोकळा सोडलात की, मेस्त्री."

पिन इनपुट केली की ती जवळजवळ करंट घेतच नाही. नुसती कान लावून बसते. बटण दाबलेलं नसताना तिला कुठंच जोडलेलं नसलं, तर आजूबाजूच्या तारांतली पन्नास हर्ट्झची गुणगुणसुद्धा तिला ऐकू येते. कधी ती शून्य म्हणते, कधी एक. म्हणून तिला एका रेझिस्टन्समधून पाच व्होल्टला बांधून ठेवायचं, त्याला पुल-अप म्हणतात. ह्या चिपमध्ये तसा रेझिस्टन्स आतच दिलेला आहे, वीस ते पन्नास किलोओहमच्या दरम्यानचा. प्रोग्रॅममधल्या एका शब्दानं तो चालू होतो. मग बटण पिन आणि ग्राउंडच्या मध्ये लावायचं. दाबलं की शून्य, सोडलं की एक. उलटं वाटतं, पण तेच बरोबर. सरांनी ते सगळं पेन्सिलीनं वर्तमानपत्राच्या कडेला काढून दिलं. तो कागद अजून माझ्याकडं आहे.

मी त्यांना पुस्तकाचं विचारलं. त्या मेलेल्या बोर्डावरची चिप पिक नावाच्या दुसऱ्या जातीची होती, म्हणून पिकचंच पुस्तक घ्यायला पाहिजे होतं का? "कशाला? कंपनीनं कुलूप घातलंय, ती चिप तुमाला वाचता येणार नाही. चिप कुठलीबी असू दे, काम तुमचं तेच हाय. पुस्तक असं बघा की लिहिणारा स्वतः टेबलावर बसला होता का नाही. ते कसं कळतंय सांगू? मागची इंडेक्स काढा आणि तुमी जिथं अडलात तो शब्द शोधा."

मी त्या सल्ल्यात थोडा बदल केला. इंडेक्समध्ये शब्द असतो आणि पानावर एकच ओळ असते, असंही होतं. म्हणून ठरवलं, कुठलंही पुस्तक हातात आलं की पहिलं पान वाचायचं नाही, बटणाचं पान उघडायचं. दिवा लावणं सगळेच दाखवतात. दिवा काही खोटं बोलत नाही. बटण बोलतं. बाहेरच्या जगातलं काहीतरी चिपच्या आत येतं ते पहिल्यांदा तिथं, आणि सगळा घोळ तिथंच सुरू होतो.

फेब्रुवारीत पाहुण्यांच्या लग्नाला पुण्याला गेलो. लग्न दुपारचं होतं, सकाळी लवकर आवरून अप्पा बळवंत चौकात गेलो. तिथं अभ्यासाच्या पुस्तकांची दुकानं एकाला एक लागून आहेत. काउंटरवरच्या माणसाला सांगितलं, शिकायला सुरुवात करणाऱ्याचं मायक्रोकंट्रोलरचं जे जे असेल ते दाखवा. त्यानं आठ पुस्तकं समोर ठेवली. मी उभ्या उभ्या आठही पुस्तकांतलं बटणाचं पान काढलं. एकात बटण थेट शेवटाकडं, तेही चित्रापुरतं. दोघांत रेझिस्टन्स होता, पण तो कशाला ते नव्हतं. बसवा म्हटलंय म्हणून बसवा. एकात माझ्या तिसऱ्या पुस्तकासारखा पाय मोकळाच सोडलेला. एक खूप विद्वत्तेनं लिहिलेलं होतं, वाक्यं चार चार ओळींची. त्यात सगळं असेलही, पण माझ्या वाचण्याच्या वेगानं ते वर्षभर पुरलं असतं. दोन पुस्तकं प्रोग्रॅमिंगची भाषा चांगली सांगत होती, पण त्यांत तार कुठंच नव्हती.

आठव्या पुस्तकात बटणाला अकरा पानं होती. पहिल्या पानावर मुद्दाम चुकीची जोडणी, पाय मोकळा, आणि खाली लिहिलेलं की आता बोट जवळ न्या आणि काय होतं ते बघा. मी तिथंच उभा राहून ती ओळ परत परत वाचली. माझ्या दुकानात जे झालं होतं ते त्या माणसाच्या टेबलावर झालेलं होतं. पुढच्या पानावर पुल-अप, कारणासकट. आणि त्यापुढं आणखी एक गोष्ट, जी मला अजून भेटलीच नव्हती: बटण एकदा दाबलं तरी आतले पत्रे काही मिलीसेकंद उसळ्या मारतात आणि चिपला ते पाचसात वेळा दाबल्यासारखं दिसतं. कॉन्टॅक्टरची, म्हणजे मोटर चालू-बंद करणाऱ्या मोठ्या रिलेची, थरथर मी ऐकलेली आहे, त्यामुळं पटायला वेळ लागला नाही. लेखकानं सांगितलं होतं, आधी मोजणारा प्रोग्रॅम भरा, दहा वेळा दाबा, आकडा बघा, मग उपाय वाचा. घरी आल्यावर मी दहा वेळा दाबलं तर सतरा आले.

वाक्यं आखूड होती. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी 'चाललं नाही तर काय बघायचं' असं अर्धं पान होतं. सोप्या आज्ञेच्या मागं चिपच्या आत कुठला बिट (शून्य-एकाची एक जागा) हलतो, तेही जागोजागी दाखवलेलं होतं. ज्याला नको त्यानं चौकट सोडून पुढं जावं. पुस्तक थोडं जुनं, त्यातले सॉफ्टवेअरचे फोटो आता दिसतं तसे नाहीत. पुतण्याला फोन करून विचारलं. तो म्हणाला, मेनूची जागा बदललीय, प्रोग्रॅम तसाच चालतो. साडेचारशे रुपये दिले आणि लग्नाला गेलो. अक्षता पडेपर्यंत पिशवी मांडीवरच होती.

पुस्तकाचा खरा उपयोग अडल्यावर कळला, आणि एप्रिलमध्ये मी जबरदस्त अडलो. मला करायचा होता त्या शेतकऱ्यासारखाच स्टार्टरचा बोर्ड. थ्री-फेज आली की शिवारातल्या सगळ्या विहिरींच्या मोटरी एकदम लागतात आणि व्होल्टेज पडतं. म्हणून लाईट आल्यावर तीन मिनिटं थांबून मग रिले लावायचा. टेबलावर मोटरीच्या जागी बल्ब लावून तपासत होतो. वेळ मिलीसेकंदात द्यायची असते. आधी तीस सेकंद ठेवून बघितलं: ३० गुणिले १०००. बरोबर तिसाव्या सेकंदाला बल्ब लागला. मग तीन मिनिटांसाठी १८० गुणिले १००० केलं. तीन मिनिटं झाली, पाच झाली, पंधरा झाली. बल्ब लागेना. परत तीस केलं, लागला. परत १८०, नाही. बाकी एक अक्षर बदललेलं नव्हतं.

पुस्तकाच्या इंडेक्समध्ये वेळेच्या खाली काही मिळालं नाही, पण आकड्यांच्या जातींवर एक तक्ता होता. ह्या चिपवर साधा पूर्णांक सोळा बिटांचा असतो, ३२,७६७ पर्यंतच जातो. तीस हजार मावतात. एक लाख ऐंशी हजार मावत नाहीत. न मावलेल्या आकड्याचं काय होतं ते मात्र मला पहिल्या पुस्तकानं सांगितलं, पुतण्याच्या पाठ्यपुस्तकानं. उणे संख्यांची ती साठ पानं मी वाचलेली होती. बिलबुकाच्या मागं हिशोब केला. सोळा बिटांत एकूण ६५,५३६ आकडे बसतात, म्हणून १,८०,००० मधून तेवढे दोनदा वजा केले की ४८,९२८ उरतात. तेही ३२,७६७ च्या वर, म्हणून आणखी एकदा वजा, उणे १६,६०८. थांबायच्या आज्ञेला उणे आकडा कळत नाही, ती त्याला बत्तीस बिटांचा प्रचंड आकडा समजते: ४,२९,४९,५०,६८८ मिलीसेकंद. म्हणजे एकोणपन्नास दिवस आणि सतरा तास. मी तीन मिनिटं म्हटलं होतं, बोर्ड पन्नास दिवस थांबायला बसला होता. उपाय दोन अक्षरांचा: आकड्याला यू आणि एल लावायचं, म्हणजे गुणाकार मोठ्या जागेत होतो. सरळ १८०००० लिहिलं असतं तरी चाललं असतं, कारण मोठा आकडा तसाच लिहिला तर तो आपोआप मोठ्या जागेत ठेवला जातो. सॉफ्टवेअरमध्ये अशा चुकांचे इशारे दाखवायची सोय आहे, ती सुरुवातीला बंद असते. सेटिंगमध्ये जाऊन चालू केल्यावर तीच ओळ इशाऱ्यासकट समोर आली. शिकणाऱ्यानं ती पहिल्या दिवशीच चालू करावी, असं मला कळकळीनं सांगावंसं वाटतं.

दुसरी अडचण ह्याहून गंभीर होती. थांबायची आज्ञा दिली की चिप खरोखरच थांबते. त्या तीन मिनिटांत स्टॉपचं बटण दाबलं तरी तिला कळत नाही. दिवा लुकलुकवताना ह्यानं काही बिघडत नाही, मोटरीच्या बाबतीत चालवून घेता येत नाही. ह्या पुस्तकात त्याच्यावर आख्खं प्रकरण आहे: थांबायचं नाही, घड्याळ बघत फिरायचं. आता किती वाजले, मघाशी किती वाजले होते, फरक तीन मिनिटांचा झाला का? नाही? मग बटण बघ, परत घड्याळ बघ. ते घड्याळसुद्धा पन्नासेक दिवसांनी भरून परत शून्यावर येतं, पण वजाबाकी उणे चिन्ह नसलेल्या आकड्यांत केली तर फरक बरोबरच निघतो. हे मी कागदावर लहान आकडे घेऊन करून बघितलं, मगच विश्वास ठेवला.

एक गोष्ट मात्र पुस्तकात नाही, ती मी त्याच्या बटणाच्या पानावर समासात लिहून ठेवलीय. पुस्तकातली सगळी बटणं दाबल्यावर जुळणारी आहेत. स्टार्टरचं स्टॉप बटण तसं नसतं. ते नेहमी जुळलेलं असतं, दाबल्यावर सुटतं. म्हणजे उंदरानं तार कुरतडली तरी मोटर बंद पडते, चालू राहत नाही. तेच बटण पुल-अप लावलेल्या पिनला आणि ग्राउंडला जोडलं की सगळं नीट आहे तोवर पिन शून्य वाचते. बटण दाबलं तर एक. तार तुटली तरी एक. समासात मी लिहिलंय: 'स्टॉप कायम जुळलेलंच घेणे. एक दिसला की रिले सोडणे. कारण विचारत बसू नये.'

मे महिन्यात तो बोर्ड घेऊन येळ्ळूरला गेलो, त्याच शेतकऱ्याकडं. त्याचा विकतचा बोर्ड काढून ठेवला, मोटर जळू नये म्हणून असलेल्या ओव्हरलोड आणि फेज प्रिव्हेंटरला हात लावला नाही, ते आपल्या जागी तसेच. मोटर चालू केली. मग त्याच्या देखत स्टॉप बटणाच्या दोन तारांपैकी एक सोडवली. कॉन्टॅक्टर खट्कन सुटला.

"तार कशाला काढलासा? बटण हाय की दाबायला," तो म्हणाला.

मी तार परत जोडली. मोटर आपणहून लागली नाही, तसंच हवं होतं. मग मेन स्विच पाडला, दहा आकडे मोजले आणि परत चढवला. दोघं विहिरीच्या कठड्याला टेकून बसलो. मी मोबाईलमध्ये वेळ लावली होती. दुसऱ्या मिनिटाला त्यानं विचारलं, "लागतंय न्हवं?" मी म्हटलं, बसा. तीन मिनिटं आणि दोन-तीन सेकंदांनी खोक्यात आवाज झाला, पाईप हलला, आणि पाटात पाणी पडायला लागलं.